कातरणांचे ब्लॉक: आधी शिवायचं, मग मोजायचं

ब्लाउज शिवून झाला की मुंढ्याच्या गोलाईचे चंद्रकोरी तुकडे उरतात, बाहीच्या बाजूच्या पाचरी उरतात आणि काठाकडून निघालेली बोटभर रुंदीची लांब पट्टी उरते. कुर्त्यातून याहून मोठे तुकडे निघतात. जुन्या शर्टाच्या पाठीतून तर चांगलं वीत-दीड वीत सलग कापड मिळतं. यातला कुठलाच तुकडा दुसऱ्याच्या मापाचा नसतो. एकसारखे चौकोन कापून क्विल्ट, म्हणजे तुकडे जोडून केलेली गोधडी, करायची म्हटली तर यातलं निम्मं कापड पुन्हा कचऱ्यात जातं. मोकळ्या हाताने ब्लॉक, म्हणजे क्विल्टचे तुकड्या-तुकड्यांचे चौकोन, जोडायचे असतील तर काम उलट्या बाजूने चालतं. तुकडा आहे त्या आकारात जोडत जायचा, ब्लॉक हवा त्यापेक्षा थोडा मोठा होऊ द्यायचा आणि माप सगळ्यात शेवटी घ्यायचं.

इम्प्रोव्ह क्विल्टिंग या नावाने याचे व्हिडिओ भरपूर सापडतात, आणि बऱ्याच व्हिडिओंत ‘काहीही कापा, काहीही जोडा’ असंच सांगितलेलं असतं. तसं केलं की पहिला ब्लॉक छान दिसतो, तिसरा फुगतो आणि सहावा बाकीच्यांशी जुळत नाही. म्हणून मोकळीक कुठे आहे आणि कुठे अजिबात नाही, हे आधी पक्कं करू. रंग, पट्टीची रुंदी, तिरकेपणा, जोडण्याचा क्रम हे सगळं तुमच्या मनावर. पण जोडायच्या दोन्ही कडा सरळ हव्यात (वळणाच्या जोडात एकमेकींत बसणाऱ्या), शिवणीची माया, म्हणजे शिवणीबाहेर राहणारं कापड, सगळीकडे पाव इंचच हवी आणि प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री फिरलीच पाहिजे. या तीन गोष्टींत सूट नाही.

या पद्धतीचं सगळ्यात ताकदीचं काम बघायचं असेल तर अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीतल्या बायकांच्या क्विल्ट बघाव्यात. अलाबामा नदीच्या वळणात अडकलेलं हे गाव. तिथली कृष्णवर्णीय कुटुंबं गुलामगिरीच्या काळापासून तिथेच राहत आलेली. घरातल्या फाटक्या कामाच्या कपड्यांतून, डेनिमच्या पँटींतून, पिठाच्या पोत्यांतून त्यांनी थंडीसाठी क्विल्ट शिवल्या. १९७२ मध्ये जवळच्या सहकारी संस्थेला सीअर्स कंपनीकडून कॉर्डरॉयच्या उशांच्या खोळींचं काम मिळालं, तेव्हा उरलेल्या कॉर्डरॉयच्या कातरणांतूनही क्विल्ट झाल्या. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात या क्विल्टचं प्रदर्शन भरलं आणि नंतर ते न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात गेलं. त्यांची ‘हाऊसटॉप’ ही रचना आपल्याला खूप शिकवते: मध्ये एक तुकडा आणि त्याच्याभोवती फेऱ्या घेत जाणाऱ्या पट्ट्या. फोटो मोठा करून बघा. बऱ्याच पट्ट्या टोकापासून टोकापर्यंत एका रुंदीच्या नसतात, तरीही क्विल्ट सपाट आणि घट्ट आहे. खाली मी जो ब्लॉक सविस्तर सांगते तो याच रचनेचा.

कोणतं कापड घ्यायचं

टेलरकडून आणलेल्या पिशवीत सगळं एकत्र असतं: कॉटन, टू बाय टू रुबिया, क्रेप, नेट, ब्रोकेड, खण. नव्याने सुरुवात करत असाल तर फक्त सुती कापड बाजूला काढा. हाताला कळत नसेल तर कडेचे दोन धागे ओढून काढा, चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा सरसर जळतो, कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर आकसतं, वितळतं आणि मागे टणक मणी राहतो. मिश्र कापडात दोन्ही होतं. पॉलिएस्टर मिसळलेलं कापड वाया घालवायचं कारण नाही, पण ते सुती कापडाच्या शेजारी बसलं की अडचण येते. सुतीला लागणारी कडक इस्त्री त्याला सोसत नाही आणि धुतल्यावर सुती आटतं, ते आटत नाही. मग त्या शिवणीवर कायमच्या सुरकुत्या पडतात.

जुन्या साडीचं किंवा शर्टाचं कापड घेताना दोन्ही हातांत धरून उभं आणि आडवं जोरात ताणून बघा. चर्र आवाज आला किंवा उजेडात धागे विरळ दिसले तर तो भाग सोडून द्या. नव्या कापडाशेजारी विरलेलं कापड शिवलं तर पहिल्या दोन-चार धुण्यांतच ते शिवणीलगत फाटतं, कारण सगळा ताण तिथेच येतो.

सगळे तुकडे आधी धुवायचे. छोटे तुकडे मशीनमध्ये मोकळे टाकले तर धाग्यांचा गुंता होतो, म्हणून उशीच्या अभ्र्यात भरून तोंड बांधा किंवा बादलीत हाताने धुवा. लाल, गडद निळं, मरून आणि हाताने छापलेलं कापड वेगळं. ते ओलं असताना त्यावर पांढरा रुमाल दाबून धरा. रुमालावर डाग उठला तर पुन्हा धुवायचं, डाग थांबेपर्यंत. मीठ किंवा व्हिनेगर घातलं की रंग पक्का होतो असं अजूनही सांगितलं जातं. आजच्या रंगवलेल्या सुती कापडात जो जास्तीचा रंग असतो तो त्याने पक्का होत नाही, तो धुऊनच काढावा लागतो. चार-पाच धुण्यांनंतरही रंग जात असेल तर तो तुकडा या कामाचा नाही.

मग खळ. ही पायरी टाळू नका. कातरणांच्या कडा बहुतेक वेळा उरेब, म्हणजे धाग्यांना तिरक्या, असतात, आणि उरेब कापड हातात धरलं तरी ताणलं जातं. एक लिटर पाण्याला एक मोठा चमचा आरारूट किंवा कॉर्नफ्लोअर घ्या. ते आधी थोड्या थंड पाण्यात कालवून मग उकळत्या पाण्यात ओता आणि पाणी पारदर्शक होईपर्यंत ढवळा. गार झाल्यावर त्यात तुकडे बुडवा, पिळा, सावलीत वाळत घाला आणि दमट असतानाच इस्त्री करा. कापड कागदासारखं कडक व्हायला हवं असं नाही, टोकाला धरलं तर लोंबू नये इतपत पुरे. एका वेळी आठवडाभर लागतील तेवढ्याच तुकड्यांना खळ द्या. खळ दिलेलं कापड पावसाळ्यात डब्यात राहिलं तर त्याला बुरशी धरते आणि कसर लागते.

आता वर्गवारी. रंगाप्रमाणे डबे करायला सगळ्यांना आवडतं, पण शिवताना आकाराप्रमाणे केलेले ढीग जास्त कामाला येतात. एक ढीग पट्ट्यांचा: एक ते अडीच इंच रुंद, किमान ५ इंच लांब. दुसरा तुकड्यांचा: कोणत्याही बाजूने ३ इंचांपेक्षा मोठे. तिसरा चुऱ्याचा: दीड इंच ते ३ इंच. दीड इंचापेक्षा लहान तुकडा जोडून काही हाती लागत नाही, कारण चारही बाजूंनी पाव-पाव इंच माया गेली की एक इंचसुद्धा उरत नाही. ते टाचण्यांच्या उशीत भरा.

माया आणि टाका

पाव इंच म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर. आपल्या घरगुती मशीनच्या पायाची कड सुईपासून बरोबर पाव इंचावर असेलच असं नाही, म्हणून आधी चाचणी करा. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी शिवा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे आणि तिन्ही मिळून साडेतीन. मधली कमी भरली तर माया जास्त जाते आहे, जास्त भरली तर कमी. बरोबर जागा सापडली की मशीनच्या प्लेटवर मास्किंग टेपचे चार-पाच थर एकावर एक चिकटवून कुंपण करा. कापडाची कड त्या कुंपणाला टेकवत न्यायची.

टाका २ मिलिमीटरचा ठेवा. जुन्या मशीनवर इंचाला १२-१३ टाके येतील असं बघा. नेहमीच्या शिवणकामापेक्षा हा टाका बारीक आहे, आणि त्याला कारण आहे. या ब्लॉकमध्ये शिवलेली शिवण पुढच्या पायरीला आडवी कापली जाते. प्रत्येक वेळी टोकाला उलट टाका मारता येत नाही, आणि टाका मोठा असेल तर कापलेलं टोक हाताळताना उसवतं. सुई १४ नंबरची, दोरा मध्यम जाडीचा. करडा किंवा बदामी दोरा घेतला तर जवळजवळ सगळ्या रंगांवर चालतो, दर तुकड्याला रीळ बदलावं लागत नाही.

कापायला रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचा), त्याखाली ठेवायची मॅट आणि जाड पारदर्शक मोजपट्टी असेल तर उत्तम. नसेल तर धारदार कात्री, टेलरचा खडू आणि स्टीलची पट्टी चालते, फक्त वेळ जास्त लागतो. साडेबारा इंचांचा एक चौकोन मात्र जाड पुठ्ठ्यातून किंवा ॲक्रिलिकमधून अचूक कापून ठेवा.

एक ब्लॉक, पहिल्या तुकड्यापासून

१२ इंचांचा ब्लॉक हवा असेल तर तो साडेबारा इंचांना कापायचा, कारण कडेचा अर्धा इंच शेजारच्या ब्लॉकशी जोडताना जातो. आणि साडेबाराला कापायला तो निदान १३ इंच झालेला हवा.

मध्ये हळदी पिवळ्या रंगाचा एक तुकडा घेऊ. साधारण ३ इंचांचा, चार बाजूंचा, पण एकही बाजू दुसरीला समांतर नसलेला. मोजपट्टीने त्याच्या चारही कडा सरळ कापून घ्या. आकार वाकडा असू दे, कड सरळ हवी. त्याच्या एका कडेवर राखाडी चौकड्याच्या शर्टातली २ इंची पट्टी सुलटीवर सुलट ठेवा, पट्टीचं टोक दोन्हीकडे अर्धा इंच बाहेर जाऊ दे. शिवा. आता इस्त्री: आधी शिवण मिटलेलीच असताना तिच्यावर गरम इस्त्री टेकवा, मग पट्टी उघडून सुलट बाजूने दाबा, माया नव्या पट्टीकडे वळवा. इस्त्री ठेवायची आणि उचलायची. घासत नेली की उरेब कड ताणली जाते, आणि एकदा ताणलेली कड पुन्हा जागेवर येत नाही. वाफ पहिल्या फेऱ्यांना नकोच.

यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची. पट्टीची बाहेर आलेली टोकं मधल्या तुकड्याच्या कडेच्या रेषेत कापा, म्हणजे पुढच्या पट्टीसाठी एक सलग सरळ कड तयार होते. ब्लॉक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा आणि दुसरी पट्टी त्या कडेवर जोडा. असं चारही बाजूंनी झालं की एक फेरी पूर्ण.

तिरकेपणा येतो तो कापताना. पट्टी जोडून, इस्त्री करून झाली की तिच्या बाहेरच्या कडेवर मोजपट्टी थोडी कलती ठेवा आणि कापा. एका टोकाला २ इंचांचे दोन इंच राहिले, दुसऱ्या टोकाला सव्वा इंच. अरुंद टोकाकडे शिवणीपासून कमीत कमी अर्धा इंच कापड सोडा. त्यातला पाव इंच पुढच्या शिवणीत जाईल आणि पाव इंच दिसेल. त्याहून कमी सोडलं तर पट्टी शिवणीत शिरून नाहीशी होते, आणि तिथे मायेचे थर एकमेकांवर चढून गाठ तयार होते.

किती तिरकं कापायचं? ठरवून केलंय असं दिसेल इतकं. १२ इंचांच्या लांबीत पाव इंचाचा फरक असेल तर बघणाऱ्याला ती चूक वाटते. पाऊण ते एक इंच फरक असेल तर ती रचना वाटते. आतल्या लहान फेऱ्यांत ४ इंचांना पाव ते अर्धा इंच पुरतो. आणि दर पट्टीला एकाच दिशेने कलतं कापू नका. तसं केलं की ब्लॉक भोवऱ्यासारखा गरगरताना दिसतो. ते हवं असेल तर जरूर करा, पण सगळ्या ब्लॉकमध्ये तेच झालं तर डोळा थकतो.

वाढीचा हिशेब असा. २ इंची पट्टी शिवली की ब्लॉक दीड इंच वाढतो, कारण पाव इंच पट्टीचा आणि पाव इंच ब्लॉकचा असा अर्धा इंच शिवणीत जातो. समोरासमोरच्या दोन पट्ट्या मिळून ३ इंच. कलतं कापताना त्यातला साधारण अर्धा इंच जातो. म्हणजे ३ इंचांचा मधला तुकडा पहिल्या फेरीनंतर साडेपाच, मग ८, मग साडेदहा, मग १३. चार फेऱ्या, १६ पट्ट्या. शेवटच्या फेरीच्या पट्ट्या ११ ते १४ इंच लांब लागतात आणि कातरणांत तेवढ्या लांब सहसा मिळत नाहीत. दोन-तीन तुकडे टोकाला टोक जोडून पट्टी तयार करा. जोड कोपऱ्यापासून २ इंच तरी लांब ठेवा, नाहीतर कोपरा जाड होतो. दोन वेगळ्या रंगांचे तुकडे जोडलेली पट्टी या ब्लॉकला फार शोभते. सलग फेरीत मध्येच रंग बदलला की नजर तिथे थांबते.

शेवटची फेरी करताना एक गोष्ट पाळा: बाहेरच्या चार पट्ट्यांची बाहेरची कड शक्यतो उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेने यायला हवी. आत कितीही उरेब कडा असल्या तरी त्या शिवणींनी बांधलेल्या असतात. बाहेरची कड मोकळी असते, आणि ती उरेब राहिली की ब्लॉक जोडेपर्यंत ताणत राहते. अशी कड आलीच तर ब्लॉक कापल्याबरोबर कडेपासून एक-अष्टमांश इंचावर मोठ्या टाक्याची एक साधी शिवण मारून ठेवा.

पूर्ण ब्लॉकवर पहिल्यांदाच वाफेची इस्त्री करा, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच पुठ्ठ्याचा चौकोन ठेवून कापा. गरम कापड मोजलं तर गार झाल्यावर माप बदलतं. चौकोन ब्लॉकच्या कडांना समांतर ठेवायची गरज नाही. थोडा फिरवून बघा, कोपऱ्यांत कापड पुरतंय ना ते तपासा आणि जिथे रचना जास्त चांगली दिसते तिथे कापा. एका कोपऱ्यात कापड कमी पडलं तर त्या बाजूला आणखी एक पट्टी जोडा. असा एका बाजूला जाड झालेला ब्लॉक सगळ्यांत उठून दिसतो.

रेघ घालणं, वळण घेणं

तयार ब्लॉक फार शांत वाटत असेल तर त्यात एक बारीक रेघ घाला. ब्लॉक तिरका कापा, मध्ये पट्टी शिवा. इथला हिशेब एकदा समजला की विसरायला होत नाही. एक इंची पट्टी घातली तर दिसणारी रेघ अर्ध्या इंचाची होते आणि ब्लॉकचं माप तेवढंच राहतं, कारण दोन शिवणींत मिळून बरोबर एक इंच कापड जातं. पाऊण इंची पट्टी घातली तर रेघ पाव इंचाची होते आणि ब्लॉक पाव इंचाने आखडतो. दीड इंची घातली तर ब्लॉक अर्धा इंच वाढतो. म्हणजे साडेबाराला कापून ठेवलेल्या ब्लॉकमध्येसुद्धा सरळ आडवी किंवा उभी एक इंची पट्टी बिनधास्त घालता येते.

दुसरी रेघ पहिलीला छेदून घातली की पहिलीचे दोन तुकडे सरकतात आणि तुटलेली रेघ दिसते. ती सलग दिसायला हवी असेल तर नव्या पट्टीची एक बाजू शिवून इस्त्री झाल्यावर मोजपट्टी जुन्या रेघेवर ठेवा आणि नव्या पट्टीच्या मोकळ्या कडेवर खडूने दोन छोट्या खुणा करा. ब्लॉकचा दुसरा भाग त्या खुणांना लावून टाचण्या टोचा.

वळणदार जोड वाटतो तितका अवघड नाही, पण वळण हलकं हवं: १२ इंचांत एक-दीड इंचापेक्षा खोल नको. दोन्ही तुकडे सुलट बाजू वर करून ठेवा, एकाची कड दुसऱ्यावर दोन इंच चढवा आणि त्या चढलेल्या भागातून दोन्ही कापडं एकत्र लहरीत कापा. वरचा आणि खालचा असे दोन निमुळते काप बाजूला निघतील, ते काढून टाका. उरलेल्या दोन्ही कडा एकमेकींत तंतोतंत बसतात. सुलटीवर सुलट ठेवून टाचण्यांशिवाय, दोन-दोन इंच जुळवत हळू शिवा. टाचण्या लावल्या तर वळणावर चुण्या पडतात.

चुऱ्यासाठी वेगळा वेळ काढू नका. मशीनशेजारी चुऱ्याचा डबा ठेवा आणि मोठ्या ब्लॉकच्या दोन शिवणींमध्ये चुऱ्यातली एक जोडी सुईखालून काढा. दोरा तोडायचा नाही, जोड्यांची माळ होऊ द्यायची. दोरा वाचतो आणि टोकं उसवत नाहीत. माळ कापून इस्त्री करा, जोडीला जोडी लावा, कड सरळ कापा, पुन्हा जोडा. ४ इंचांचा तुकडा झाला की तो पुढच्या ब्लॉकचा मध्य.

बिघडतं कुठे

ब्लॉक टेबलावर ठेवल्यावर कडेला लाटा येत असतील तर बाहेरची कड ताणली गेली आहे. मध्य उचलला जात असेल, वाटीसारखा खोलगट होत असेल, तर बाहेरच्या पट्ट्या आखूड पडल्या आहेत किंवा माया वाढत गेली आहे. दोन्हींवर इस्त्रीने मलमपट्टी करू नका. शेवटची फेरी उसवून पुन्हा जोडणं जलद होतं. पट्टी जोडताना ती आधी मापाला कापून, पसरून ठेवलेल्या ब्लॉकवर टाचणं हा यावरचा उपाय. लांब पट्टी ओढत-ओढत शिवली आणि उरलेली कापली, की दर वेळी थोडा फरक पडतो आणि चार फेऱ्यांत तो साठतो.

मशीनचे दात खालचं कापड पुढे ढकलतात आणि पाय वरचं कापड मागे रेटतो, म्हणून लांब शिवणीच्या शेवटी वरचं कापड जास्त उरतं. ढिला किंवा उरेब तुकडा नेहमी खाली ठेवा, दात त्याला आवरून घेतात.

ज्या जागी चार-पाच शिवणी एकत्र येतात तिथे माया एका बाजूला वळवू नका, उघडून दोन्हीकडे पसरवा. नाहीतर पुढे गोधडी टाचताना, म्हणजे सगळे थर एकत्र शिवताना, सुई तिथे अडते. बारीक तुकड्यांचा मोह आवरायचं हेही एक कारण. दीड इंची पट्ट्यांनी साडेबारा इंच भरायला १२ पट्ट्या, म्हणजे १८ इंच कापड लागतं; एक इंची पट्ट्यांनी २४ पट्ट्या, २४ इंच कापड. निम्मं कापड शिवणींत जातं, ब्लॉक जड आणि कडक होतो. अंगावर घ्यायच्या गोधडीत अशी बारीक कामं थोडी आणि मोठे सलग तुकडे जास्त असावेत.

खण आणि ब्रोकेडच्या कडा लवकर सुटतात. ते वापरायचंच असेल तर मागून इस्त्रीने चिकटणारं पातळ फ्यूजिंग लावा, किंवा मलमलीच्या १३ इंची चौकोनावर ठेवून त्यावरच पट्ट्या शिवत जा. मलमल आतच राहते आणि सगळा ताण ती घेते. रेशमी काठांसाठी हाच मार्ग बरा.

आणि एक तक्रार रंगांची असते: कापड सुंदर आहे, पण ब्लॉक मळकट दिसतो. बहुतेक वेळा सगळे तुकडे मध्यम छटेचे असतात. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसलं तर ब्लॉकला एक फिका आणि एक गडद तुकडा हवा आहे, रंग कोणताही असो. छापील कापडांच्या गर्दीत एखादा सपाट, मोठा तुकडा ठेवला की बाकीचे नीट दिसू लागतात. सगळ्या ब्लॉकमध्ये एक समान कापडही ठेवा: कोरं, बदामी, करडं, काहीही साधं. वेगवेगळ्या घरांतून आलेली कातरणं त्याने एका गोधडीची होतात. २० ब्लॉकमध्ये पाव भाग हे कापड घालायचं म्हटलं तर ४४ इंची पन्ह्याचं एक मीटर पुरतं. एकूण कातरणं वजनाने ४०० ते ५०० ग्रॅम लागतील.

ब्लॉक जोडताना

१२ ब्लॉक, तीन बाय चार, म्हणजे ३६ बाय ४८ इंच: बाळाचं दुपटं. २० ब्लॉक, चार बाय पाच, म्हणजे ४८ बाय ६०: सोफ्यावर बसून पायांवर घ्यायला. सिंगल बेडला ३५ ब्लॉक, ६० बाय ८४. शिवणी जुळवायच्या नसल्याने जोडणं सोपं जातं. एका ओळीच्या माया डावीकडे आणि पुढच्या ओळीच्या उजवीकडे वळवल्या की चौक नीट बसतात. मापात न बसलेले ब्लॉक टाकू नका. ६ बाय १२ किंवा ४ बाय १२ ला कापून दोन-तीन एकत्र जोडले की त्यांचा एक ब्लॉक होतो.

इथे आपल्या गोधडीशी एक फरक लक्षात घ्यायला हवा. आपली गोधडी तुकडे आधी शिवून मग टाचत नाही. जुन्या साड्यांचे थर अंथरायचे, त्यावर तुकडे कड दुमडून ठेवायचे आणि धावदोऱ्याने तुकडा आणि थर एकाच वेळी बांधायचे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या) बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, हीही अशीच होते. त्या कडेपासून सुरुवात करून आत मध्यापर्यंत येतात आणि कोपऱ्यांना घडीचे तुकडे लावून फूल करतात. त्या घडणीत मागे मायेचे थर नसतात, म्हणून हाताचा दोरा सहज चालतो. मशीनवर जोडलेल्या ब्लॉकमध्ये जागोजागी माया असते. हाताने धावदोरा घालायचा असेल तर आत साडीचे दोनच थर घ्या, ओळी एक इंचाच्या अंतराने घाला आणि जाड जोड आला की टाका त्याच्या अलीकडे-पलीकडे घ्या.

टाचण्याआधी मागच्या बाजूने लोंबणारे सगळे दोरे कापा. फिक्या कापडामागे राहिलेला गडद दोरा पुढून दिसतो, आणि नंतर काढता येत नाही. पहिलं धुणं थंड पाण्यात, सौम्य साबणाने, एक पांढरा जुना सुती रुमाल सोबत टाकून. खळ निघून जाते, कापड मऊ पडतं, शिवणींलगत हलक्या चुण्या येतात, त्या येऊ द्यायच्या. ओली गोधडी दोरीवर टांगू नका, वजनाने टाके ओढले जातात. गच्चीत चादर अंथरून तिच्यावर सावलीत पसरा आणि दुपारी एकदा उलटी करा.